वाचकांचे प्रश्न : ईश्वर मानणाऱ्याने उत्क्रांती मानावी का?

गेल्या अंकातील उत्तरांत उत्क्रांतीच्या पुराव्यांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे पुराव्यांविषयी नव्हती, श्रद्धेविषयी होती, आणि त्यांतल्या काहींमागची तळमळ इतकी खरी आहे की हा संपूर्ण अंक त्यांनाच देत आहे. मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले आहे आणि ईश्वरावर माझी श्रद्धा आहे. या दोन्ही गोष्टी वाचकांना आधीच ठाऊक असाव्यात, म्हणजे माझ्या उत्तरांचा कल त्यांना ओळखता येईल.

प्रश्न : मी जीवशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे घर श्रद्धाळू आहे आणि मीही आहे. आजोबा म्हणतात, ‘माणूस माकडापासून झाला असे मानायचे, तर देवाला रजा द्यावी लागेल.’ वर्गात शिकवलेले पुरावे मला नाकारता येत नाहीत आणि आजोबांना दुखावणेही जमत नाही. दोहोंतले एक सोडावेच लागेल का?

उत्तर : दोहोंतले एकही सोडावे लागणार नाही. मात्र दोहोंविषयीच्या काही समजुती सोडाव्या लागतील आणि ते सोपे नसते, हे आधीच सांगते.

प्रथम आजोबांच्या वाक्याकडे पाहू. आज झाडावर दिसणाऱ्या एखाद्या माकडापासून माणूस झाला, असे जीवशास्त्र म्हणत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एकच होते आणि तेथून दोन वंश वेगळे होत गेले, असे ते म्हणते. चुलतभावाला कोणी आपला आजोबा म्हणत नाही. तेव्हा आजोबांच्या वाक्याचा पहिला भाग तुम्हीही नाकारू शकता, आणि ही सुरुवात काही वाईट नाही.

खरा पेच वाक्याच्या दुसऱ्या भागात आहे. एखादी गोष्ट निसर्गनियमांनी घडली म्हणजे तिच्यात ईश्वराचे काही उरले नाही, असे गृहीत त्यामागे आहे. इतर कोणत्याही बाबतीत आपण हे गृहीत धरत नाही. गर्भ एका पेशीपासून कसा वाढतो, हातापायांची बोटे कशी सुटी होतात, हृदय केव्हा धडधडू लागते, हे सगळे भ्रूणशास्त्र सांगते. ते सगळे वाचलेली आईसुद्धा बाळाला देवाची देणगी म्हणते आणि तिला त्यात काही विसंगत वाटत नाही, कारण ‘कसे झाले’ आणि ‘कोणी दिले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. जे नऊ महिन्यांच्या घडणीला लागू आहे, ते कोट्यवधी वर्षांच्या घडणीला लागू का नसावे?

धर्मपरंपरांतल्या थोर विचारवंतांनी हा पेच उत्क्रांतीचे नावही कोणाला ठाऊक नव्हते तेव्हा ओळखला होता. शंकराचार्य गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात म्हणतात की अग्नी थंड आहे किंवा तो प्रकाश देत नाही, असे शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितले तरी त्या बाबतीत ती वचने प्रमाण ठरत नाहीत. ज्यांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचा आधार श्रुती हाच आहे, त्यांचे हे विधान आहे. श्रुतीचा अधिकार प्रत्यक्षाने जे कळत नाही त्याच्यापुरता आहे, जे हात लावून कळते त्यासाठी श्रुतीकडे जायचे नाही, असा त्याचा आशय आहे. बाराव्या शतकात इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञांनी लिहिले की सत्य सत्याला विरोध करत नाही, म्हणून सिद्ध झालेली गोष्ट आणि धर्मग्रंथाचा वरवरचा अर्थ यांत विरोध दिसला तर ग्रंथाचा अर्थ पुन्हा लावावा. त्यांच्याही सात शतके आधी संत ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंतांनी आपल्याच धर्मबांधवांना बजावले होते की ग्रंथाचा हवाला देऊन तुम्ही ताऱ्यांविषयी आणि पृथ्वीविषयी चुकीचे बोललात, तर ज्याला ती माहिती आहे तो ऐकणारा तुमच्या ग्रंथातल्या पारलौकिक गोष्टींवर तरी विश्वास का ठेवील? ईश्वराच्या स्वरूपाविषयी या तिघांचे एकमत होण्याची शक्यता नव्हती, म्हणूनच या एका मुद्द्यावर त्यांचा सूर जुळावा याचे मला मोल वाटते.

आता सोडाव्या लागणाऱ्या समजुतींविषयी. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. ते काही हजार वर्षे आहे या विधानावर ज्याची श्रद्धा उभी आहे, त्याला मी कोणताही दिलासा देऊ शकत नाही. प्रत्येक प्रजाती वेगळी आणि आज आहे तशीच निर्माण झाली, हेही सोडावे लागेल. दुसऱ्या बाजूची एक समजूतही सोडावी लागेल, ती म्हणजे उत्क्रांतीने ईश्वर नसल्याचे सिद्ध केले आहे ही. चार्ल्स डार्विन यांना १८७९ मध्ये एका गृहस्थाने पत्राने नेमके हेच विचारले होते. माणूस उत्कट आस्तिक आणि उत्क्रांतिवादीही असू शकतो याविषयी शंका घेणे मला विपरीत वाटते, असे त्यांनी कळवले आणि चार्ल्स किंग्जली हे धर्मोपदेशक व एसा ग्रे हे वनस्पतिशास्त्रज्ञ यांची उदाहरणे दिली. त्याच पत्रात स्वतःविषयी मात्र त्यांनी ‘अज्ञेयवादी’, म्हणजे ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारा, हा शब्द वापरला. स्वतःला जी श्रद्धा उरली नव्हती, ती दुसऱ्यात असू शकते हे त्यांना मान्य होते.

आजोबांना पुरावे सांगायला बसू नका. उत्क्रांती खरी ठरली तर नेमके काय हरवेल अशी त्यांना भीती वाटते, ते आधी विचारा. माझा अनुभव असा की वडीलधाऱ्यांना माकडाची अडचण नसते, माणसाची किंमत कमी होईल याची धास्ती असते. कोणाच्या पोटी जन्मला यावरून माणसाची किंमत ठरत नाही, हे त्यांनीच कधीतरी तुम्हाला सांगितले असेल.

प्रश्न : उत्क्रांती हा शेवटी एक सिद्धान्तच आहे. मधले दुवे सापडत नाहीत असेही वाचले आहे. मग श्रद्धेने तिच्यापुढे नमते का घ्यावे? देवाने पृथ्वी जुनी दिसेल अशीच निर्माण केली असणे शक्य नाही का?

उत्तर : मराठीत हा आक्षेप घेतला जातो याचे मला नेहमी नवल वाटते, कारण आपला शब्दच ‘सिद्धान्त’ आहे. विचाराच्या अंती जे सिद्ध झाले तो सिद्धान्त. अजून तपासायचे असते त्याला आपण गृहीतक म्हणतो. ‘सिद्धान्तच आहे’ हे वाक्य इतर भाषांमधून आपल्याकडे आले आणि येताना त्यातला शब्द आपण तपासला नाही.

मधल्या दुव्यांविषयी एक हकीकत थोडी सविस्तर सांगते. पाण्यातल्या माशांपासून चार पायांचे, जमिनीवर चालणारे प्राणी झाले असे मानले, तर मधल्या काळातल्या खडकांत मधली रूपे सापडली पाहिजेत. सुमारे ३८ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या खडकांत केवळ मासे मिळतात, तर सुमारे ३६ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या खडकांत पाय असलेले प्राणी मिळतात. नील शुबिन हे जीवाश्मशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूगर्भाचे नकाशे उघडून या दोहोंच्या मधल्या वयाचे आणि उथळ नदीच्या गाळातून बनलेले खडक उघड्यावर कोठे आहेत ते शोधले. ते कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समिअर बेटावर होते. कडाक्याच्या थंडीत कित्येक मोहिमा जवळजवळ रिकाम्या हाताने परतल्यानंतर २००४ मध्ये त्यांना खडकातून बाहेर आलेले एक चपटे मुस्कट दिसले. ‘टिक्टालिक’ असे नाव दिलेल्या या प्राण्याला माशासारखे खवले आणि पर होते, पण माशाला नसते ती मान होती. पराच्या आत दंडाचे एक हाड, त्यापुढे दोन हाडे आणि त्यापुढे मनगटासारखा सांधा होता. खडकाचे वय निघाले सुमारे ३७ कोटी ५० लाख वर्षे. शोध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काय सापडेल, कोठे सापडेल आणि किती जुन्या थरात सापडेल हे आधी ठरवून ते तेथेच सापडणे, ही सिद्धान्ताची कसोटी असते.

जीवाश्म बाजूला ठेवले तरी आपल्या पेशींत पुरावा आहेच. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात आणि माणसाच्या पेशींत २३. पूर्वज समान असतील, तर माणसाच्या वंशात कोठेतरी दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेलेली असली पाहिजेत. ती आहेत. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मध्यभागी एरवी फक्त टोकांना आढळणारा जनुकीय अनुक्रम सापडतो, तोही टोकाला टोक लावून सांधावा तसा. दोरीला मध्येच गाठ दिसली की ती दोन तुकड्यांची आहे हे कळते, तसे हे आहे.

आता ‘देवाने जुनी दिसेल अशी निर्माण केली’ या शंकेविषयी. ही शंका नवी नाही. फिलिप गॉस या श्रद्धाळू निसर्गअभ्यासकाने १८५७ मध्ये, डार्विन यांच्या उत्क्रांतीवरील ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या दोन वर्षे आधी, हेच प्रतिपादन केले. ते सर्वाधिक खटकले ते श्रद्धावंतांनाच. किंग्जली यांनी त्यांना कळवले की ईश्वराने खडकांवर एक प्रचंड आणि अनावश्यक असत्य लिहून ठेवले असे मी मानू शकत नाही. मलाही हेच म्हणायचे आहे. ज्या ईश्वराला आपण सत्यस्वरूप म्हणतो, त्याने ३७ कोटी वर्षांपूर्वीचे मनगट खोटेच घडवून बर्फाखाली पुरून ठेवले असे मानणे ही उत्क्रांतीची अडचण नाही, श्रद्धेची आहे.

प्रश्न : मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन या अवतारांच्या क्रमात उत्क्रांतीच सांगितली आहे, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. मग आपल्याकडे हा विरोध मुळातच नाही, असे म्हणता येईल ना?

उत्तर : ही जुळणी मोहक आहे आणि ती सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, तरीही ती करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. थिऑसफी या गूढवादी चळवळीच्या एक संस्थापक हेलेना ब्लावाट्स्की यांनी १८७७ मध्ये ती मांडली, म्हणजे डार्विन यांचा ग्रंथ येऊन अठरा वर्षे झाल्यावर. त्याआधी शतकानुशतके अवतारकथा ऐकणाऱ्या कोणालाही त्यांत प्रजातींचा इतिहास दिसला नव्हता. शिवाय उत्क्रांतीचा गाभा आहे वंशसातत्य, म्हणजे एकापासून दुसरा जन्मणे. कूर्म हा मत्स्याचा वंशज नाही. प्रत्येक वेळी तोच ईश्वर वेगळे रूप घेऊन येतो, आणि संकटात सापडलेल्याला तारायला कोण धावून येतो हा त्या कथांचा विषय आहे. त्यांना जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक केले, की त्या जीवशास्त्र म्हणून कच्च्या ठरतात आणि कथा म्हणून मुक्या होतात.

दुसरा धोका असा की विज्ञान बदलते. विश्वाचा आरंभ एका अतिघन अवस्थेतून झाला ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या कल्पनेचा संबंध सृष्टीच्या निर्मितीशी जोडला, तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त उद्या चुकीचा ठरला तर त्याच्यासोबत ईश्वरालाही चुकीचे ठरवायचे का, ही त्यांची काळजी रास्त होती. श्रद्धेला विज्ञानाचा विरोध सोसतो, पण विज्ञानाचा टेकू मात्र तिला महागात पडतो.

प्रश्न : उत्क्रांती मानणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी आस्तिक किती आहेत?

उत्तर : मोजणीने हा प्रश्न सुटणार नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल मठवासी होते. ‘उत्क्रांतीच्या प्रकाशाखेरीज जीवशास्त्रात कशाचाच अर्थ लागत नाही’ असे १९७३ मध्ये लिहिणारे थिओडोसियस डोबझान्स्की श्रद्धावान ख्रिस्ती होते. मानवी जनुकसंच प्रकल्पाचे नेतृत्व केलेले फ्रान्सिस कॉलिन्सही आहेत. तितक्याच तोलामोलाचे नास्तिक शास्त्रज्ञही पुष्कळ आहेत. दोन्ही एकत्र नांदू शकतात एवढे या नावांवरून कळते, ईश्वर आहे की नाही ते कळत नाही.

प्रश्न : उत्क्रांतीचा कच्चा माल असलेली उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांत होणारे बदल, यादृच्छिक असतात, असे वाचले. जर आपण योगायोगाने झालो असू, तर ईश्वराची योजना, हेतू हे शब्द पोकळ ठरत नाहीत का?

उत्तर : ‘यादृच्छिक’ हा शब्द जीवशास्त्रात एका नेमक्या आणि मर्यादित अर्थाने येतो. तो अर्थ कोठून आला ते पाहिले की बरीच धास्ती कमी होते. साल्व्हाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये जिवाणूंची अनेक वेगवेगळी संवर्धने वाढवली आणि मग त्या प्रत्येकावर जिवाणूंना मारणारा विषाणू सोडला. संकट आल्यावर त्याला उत्तर म्हणून जिवाणू स्वतःत बदल घडवत असते, तर प्रत्येक बशीत वाचलेल्यांची संख्या साधारण सारखी आली असती. प्रत्यक्षात कोठे एकही वसाहत नव्हती आणि कोठे शेकड्याने होत्या. याचा अर्थ बदल विषाणू येण्यापूर्वीच, कोठे लवकर तर कोठे उशिरा, घडून गेले होते. बदल गरज पाहून होत नाहीत, इतकेच येथे ‘यादृच्छिक’ म्हणजे. त्या घटनेमागे काही अंतिम हेतू आहे की नाही, हे त्या बशीत मोजलेच गेले नव्हते आणि कोणत्याही बशीत मोजता येणार नाही.

शिवाय उत्परिवर्तन यादृच्छिक असले तरी निवड यादृच्छिक नसते. गॅलापागोसमधील डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची वर्षानुवर्षे मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात मऊ बिया संपल्या, मोठ्या व कठीण बिया उरल्या, आणि त्या फोडू शकणारे जाड चोचींचे पक्षी अधिक जगले. पुढच्या पिढीच्या चोची सरासरीने अधिक जाड निघाल्या. सोडतीतून असे घडत नाही. डोळ्याचेही तसेच आहे. भिंग आणि पडदा असलेला डोळा आपल्या वंशात निर्माण झाला आणि ऑक्टोपसच्या वंशात स्वतंत्रपणे निर्माण झाला. वाटा अनेक असल्या तरी पोचण्याच्या जागा थोड्या असाव्यात, असे यावरून काही अभ्यासक मानतात. त्यांच्याशी सगळे सहमत नाहीत आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

एसा ग्रे यांनी यावर सुचवलेला तोडगा असा होता की बदल ईश्वरच हितकारक दिशेने घडवत असावा. डार्विन यांनी १८६८ मध्ये त्याला एका दृष्टान्ताने उत्तर दिले. कड्यावरून कोसळलेल्या दगडांतून निवडून कारागीर घर बांधतो. दगडांचे आकार निसर्गनियमांनी ठरले, पण ते या घरासाठीच तसे फुटले असे म्हणता येईल का? श्रद्धा असूनही या वादात माझा कौल डार्विन यांच्याकडे आहे. ग्रे यांच्या मांडणीत ईश्वर आपल्या अज्ञानाच्या फटीत जाऊन बसतो आणि ज्ञान वाढले की त्याची जागा आक्रसते. मला ईश्वर मानायचा असेल तर तो नियमांच्या फटीत नको, नियम आहेत याच्या मुळाशी हवा. ही श्रद्धा आहे, अनुमान नाही, हे मला ठाऊक आहे आणि मी ती प्रयोगशाळेत सिद्ध करायला जात नाही.

प्रश्न : मी लहान मुलांच्या कक्षात परिचारिका आहे. जन्मजात जनुकीय आजार असलेली मुले रोज पाहते. पृथ्वीचे वय, माकड, अवतार या कशानेच माझी श्रद्धा हलली नाही. ज्या उत्परिवर्तनांनी जीवसृष्टी फुलली, त्यांनीच ही मुले आजारी पडतात हे कळल्यावर मात्र ती हलली. यावर काही सांगाल का?

उत्तर : तुमचे पत्र मी अनेकदा वाचले. इतर सर्व प्रश्नांना मी थोड्याफार विश्वासाने उत्तरे दिली, तितक्या विश्वासाने याला देऊ शकत नाही. खरा प्रश्न हाच आहे, आणि तो डार्विन यांचाही होता. त्यांची मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहा वर्षांची असताना गेली. १८६० च्या मे महिन्यात त्यांनी ग्रे यांना लिहिले की सुरवंटाच्या जिवंत शरीरात राहून त्याला आतून खाणाऱ्या गांधीलमाश्या दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वराने मुद्दाम तशा निर्माण केल्या, हे मी मनाला पटवू शकत नाही. अश्रद्धेकडे त्यांना खडकांच्या वयाने नेले नाही, दुःखाच्या या हिशेबाने नेले असावे असे मला वाटते.

तुम्ही म्हणता ते खरेच आहे. प्रत्येक नवजात बाळात आईवडिलांपैकी कोणातही नसलेले सुमारे साठ नवे बदल असतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, क्वचित एखादा उपयोगी पडतो आणि एखादा तुमच्या कक्षात आणून सोडतो. सिकलसेल आजाराचे तर याहून विदारक आहे. त्या जनुकाची एक प्रत मिळाली तर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते आणि दोन्ही प्रती मिळाल्या तर आजार होतो. एका भावंडाला वाचवणारी गोष्टच दुसऱ्याला झिजवते.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन. उत्क्रांतीने एका अतिशय क्रूर उत्तराचा आधार काढून घेतला आहे. हे मूल आजारी का, याला पूर्वी ‘कोणाच्या तरी पापाचे फळ’ असे उत्तर दिले जाई आणि आजही दिले जाते. ते उत्तर आईच्या जखमेवर मीठ चोळते. पेशीत जनुकांची प्रत काढताना झालेली चूक कोणाचे पाप पाहून होत नाही. त्या मुलाला कोणी निवडलेले नाही. देवाने याच बाळावर बोट ठेवले असे मानण्यापेक्षा हे मानणे मला अधिक दयाळू वाटते, आणि श्रद्धेच्याही अधिक जवळचे वाटते.

पण मग असे जग का, हा प्रश्न उरतोच. जॉन पॉल्किंगहॉर्न हे पदार्थवैज्ञानिक पुढे धर्मगुरू झाले. त्यांचे म्हणणे असे की ईश्वराने बाहुल्यांचे जग न करता स्वतःला घडवू शकणारे जग निर्माण केले, आणि ज्या मोकळेपणातून पेशी नवे रूप घेतात, त्याच मोकळेपणातून कर्करोगही होतो. एक ठेवून दुसरा काढून टाकता येत नाही. मला हे पटते, पण पुरत नाही. आजवर झालेल्या प्रजातींपैकी नव्याण्णव टक्क्यांहून अधिक नामशेष झाल्या आहेत. त्यांतल्या प्रत्येक जिवाच्या वेदनेचे उत्तर ‘मोकळेपणाची किंमत’ असे देताना माझी जीभ अडखळते. तुमच्या कक्षात एखाद्या खाटेशेजारी उभे राहून हे वाक्य उच्चारू नये, असेच मी सांगेन.

बायबलमध्ये संकटांनी पिडलेला ईयोब हा भक्त ईश्वराला जाब विचारतो आणि त्याला गप्प करू पाहणाऱ्या, ‘तुझेच पाप असेल’ म्हणणाऱ्या मित्रांवर शेवटी ईश्वरच रागावतो. आपले संतही अभंगांत देवाशी कडाडून भांडले आहेत. तुमची श्रद्धा हलली असे तुम्ही लिहिता. मला तुमच्या पत्रात भांडण दिसते, आणि जो नाहीच असे वाटते त्याच्याशी कोणी इतके भांडत नाही. हे माझे वाचन चुकीचे असेल तर तसे निःसंकोच कळवा. श्रद्धा सुटली असेल तरी तुमच्या हातून होणाऱ्या सेवेत उणे काही येत नाही.

प्रश्न : मी श्रद्धाळू आहे, माझे पती नाहीत. ते विज्ञानाचे अभ्यासक आहेत आणि ईश्वराची गरज त्यांना वाटत नाही. आमचे एकमेकांवर प्रेम आहे, पण सहा वर्षांचा मुलगा आता ‘पहिला माणूस कोणी केला?’ असे विचारू लागला आहे. आम्ही दोघांनी काय सांगावे?

उत्तर : तुमच्या घरासारखेच एक घर डार्विन यांचे होते. १८३९ च्या जानेवारीत त्यांचा एमा यांच्याशी विवाह झाला. एमा मनापासून श्रद्धाळू होत्या. लग्नानंतर लवकरच त्यांनी पतीला एक पत्र लिहिले. एकाच घरात राहून पत्र लिहिले, कारण काही गोष्टी समोरासमोर बोलवत नाहीत. सिद्ध झाल्याशिवाय काहीही न मानण्याची विज्ञानातली सवय, ज्या गोष्टी त्या रीतीने सिद्ध होऊच शकत नाहीत त्यांच्या बाबतीतही तुमच्या मनाचा ताबा तर घेणार नाही ना, असे त्यांनी विचारले होते. या एका वाक्यात त्यांनी हा सगळा वाद इतक्या नेमकेपणाने मांडला आहे की पुढच्या अनेक विद्वानांना तो तसा जमलेला नाही. डार्विन यांची मते बदलली नाहीत. ते पत्र मात्र त्यांनी जन्मभर जपले आणि त्यावर लिहून ठेवले की मी गेल्यावर तुला कळावे, मी किती वेळा याचे चुंबन घेतले आहे आणि यावर रडलो आहे.

सगळे सुरळीत होते असे नाही, हेही सांगायला हवे. डार्विन यांच्या मृत्यूनंतर १८८७ मध्ये त्यांचे आत्मवृत्त छापले गेले, तेव्हा धर्माविषयीचे काही परिच्छेद एमा यांच्या आग्रहावरून गाळले गेले. ते १९५८ मध्ये त्यांच्या नातीने पुन्हा छापले. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतरही ती जागा दुखरी राहिली होती. तुमच्याही घरात एखादी जागा दुखरी राहील, तिची फार भीती बाळगू नका.

मुलाला दोघांनीही खोटे सांगू नये, इतके पथ्य पाळा. ‘पहिला माणूस’ असा एकच कोणी नव्हता, आईवडिलांसारखी मुले होत होत हळूहळू माणसे झाली, हे सहा वर्षांच्या मुलाला समजते. त्याला त्याचाच हात दाखवा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट थोडे आत वाकवले, की बऱ्याच जणांच्या मनगटाच्या मध्यावर एक ताठ दोरीसारखा स्नायुबंध उठून दिसतो. काहींच्या हातात तो नसतोच, आणि नसला तरी पकडीत सहसा काही फरक पडत नाही. झाडांवर लोंबकळणाऱ्या नातेवाइकांना त्याचा अधिक उपयोग होतो. आईचा, बाबांचा आणि स्वतःचा हात तपासण्यात त्याची एक संध्याकाळ आनंदात जाईल. हा प्रयोग बाबांनी दाखवावा. हे सगळे कोणी केले असे तो पुन्हा विचारील, तेव्हा ‘मला वाटते देवाने, आणि ते असे सावकाश केले’ असे तुम्ही सांगा, त्यातला ‘मला वाटते’ न गाळता. बाबांना तसे का वाटत नाही हे त्याने विचारले, तर त्याचे उत्तर बाबांनाच देऊ द्या आणि ते देत असताना तुम्हीही तेथेच बसा.